कळमन्याचा भाव कॉम्प्युटर कसा आणतो?

1 जुलै 2025 पासून रेल्वेचं तत्काल तिकीट ऑनलाइन काढायचं तर आधार जोडलेलं खातं लागतं. त्या आठवड्यात नागपुरात बर्डीवर तर्री-पोह्याच्या ठेल्याशी उभं राहिलं की एकच शब्द कानावर यायचा, बॉट. "ते बॉट लावून तिकिटं नेते जी, आपण नावच टाइप करत राहतो." ज्यांची मुलं पुण्यात आहेत अशा नागपूरकरांना दिवाळीच्या तोंडावर हा विषय किती जिव्हाळ्याचा असतो ते सांगायला नको. पण बॉट म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अंधारी खोली आणि हूडी घातलेला हॅकर येतो.

बॉट म्हणजे माणसाचं काम आपोआप करणारा प्रोग्राम. माझ्याकडेही एक आहे. तो तिकिटं काढत नाही. काटोलकडे मामांची संत्र्याची बाग आहे, त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी नागपूरच्या कळमना बाजारातला भाव एका साइटवरून उचलतो आणि मेसेज करतो. सगळा मिळून चाळीसेक ओळींचा. तो काय करतो हे कळलं की तत्कालचा घोळही बराचसा कळतो, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करू.

पान उघडतं तेव्हा काय होतं

आपण पत्ता टाकतो आणि पान 'उघडतं' असं म्हणतो. उघडत काहीच नाही. आपला फोन दूरच्या एका कॉम्प्युटरकडे अर्ज पाठवतो आणि तिकडून उत्तराचा कागद येतो. तो दूरचा कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर, अर्ज म्हणजे रिक्वेस्ट. अर्ज कसा लिहायचा याचे नियम म्हणजे एचटीटीपी. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत काम करताना ते ठरवले. 1991 मधल्या पहिल्या रूपात एकाच तऱ्हेचा अर्ज करता यायचा, 'अमुक पान द्या'.

सिव्हिल लाइन्समधल्या कुठल्याही कचेरीत दिलेला अर्ज आठवा. वर 'प्रति', मग 'विषय', खाली मजकूर, शेवटी जोडपत्रं. वेबचा अर्ज जवळपास असाच असतो. पहिल्या ओळीत कोणतं पान हवं ते. त्याखाली चार-सहा ओळींत मी कोण, मला कोणती भाषा चालेल, कागद कोणत्या स्वरूपात हवा. या ओळींना हेडर म्हणतात.

उत्तराच्या कागदावर सगळ्यात आधी असतो शेरा, तीन आकडी. 200 म्हणजे मंजूर. 301 म्हणजे हे टेबल आता कायमचं दुसरीकडे हलवलं आहे. 403 म्हणजे नस्ती आहे, पण तुम्हाला दाखवणार नाही. 404 म्हणजे अशी नस्ती आढळून येत नाही. 500 म्हणजे साहेबांच्याच टेबलावर गोंधळ आहे. पहिला आकडा पाहिला तरी काम भागतं. 4 असेल तर चूक अर्जदाराची, 5 असेल तर कचेरीची. (खऱ्या कचेरीत चूक नेहमी अर्जदाराचीच असते, तेव्हा ही उपमा इथपर्यंतच ताणायची.)

शिपाई

एरवी हे अर्ज ब्राउझर लिहितो. आपल्याला ते दिसतही नाहीत. हेच काम प्रोग्रामकडून करून घ्यायचं तर हेडरची प्रत्येक ओळ, प्रत्येक स्वल्पविराम आपणच लिहायचा का? नाही. तिथे लायब्ररी कामाला येते. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला, आपल्याला आयता वापरता येणारा कोड. माझ्या लेखी ती कचेरीतल्या जुन्या शिपायासारखी. कोणत्या खिडकीवर कसा अर्ज लागतो हे त्याला पाठ असतं, आपण फक्त कुठे जायचं ते सांगायचं.

पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत या कामाची सगळ्यात लोकप्रिय लायब्ररी म्हणजे 'रिक्वेस्ट्स'. केनेथ राइट्झ यांनी ती 2011 मध्ये लिहिली आणि तिचं ब्रीदवाक्य ठेवलं, 'माणसांसाठी एचटीटीपी'. पायथॉनबरोबर आधीपासून येणारी साधनं वापरून पाहिलेल्या माणसाला त्या 'माणसांसाठी'मधला टोमणा बरोबर कळतो. लायब्ररी फुकट आहे. पायथॉन टाकलेल्या कॉम्प्युटरवर 'पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स' एवढा हुकूम दिला की ती येते.

अकरावीतल्या पुतण्याला मी पहिला प्रोग्राम फोनवर सांगितला होता. "पहिली ओळ, इम्पोर्ट रिक्वेस्ट्स. दुसरी, आर इक्वल टू रिक्वेस्ट्स डॉट गेट, कंस, अवतरणचिन्हात साइटचा पत्ता, कंस पूर्ण. तिसरी, प्रिंट, कंसात आर डॉट स्टेटस अंडरस्कोर कोड."

पलीकडे जरा वेळ नुसती टाइप केल्याची टकटक. मग, "काका, 200 आलं. झालं का?"

"झालं."

"बस इतकंच?"

बस इतकंच. शेऱ्याऐवजी मजकूर हवा तर आर डॉट टेक्स्ट. मामांचा भाव त्या मजकुरात कुठेतरी असतो, तो शोधायचा. ही ओळ रोज आठ वाजता आपोआप चालावी म्हणून कॉम्प्युटरला गजर लावायचा, की तयार झाला बॉट. 'आर' या एका अक्षरात आता अख्खा उत्तराचा कागद आहे, शेरा, हेडर आणि मजकूर सगळं, हे पुतण्याला कळायला दोन दिवस लागले. मला त्याहून जास्त लागले होते.

'रिफ्रेश करू नका' असं का लिहिलेलं असतं

अर्ज मुख्यतः दोन जातींचे. 'गेट' म्हणजे माहिती मागणं. त्यातलं मागणं पत्त्यातच लिहिलेलं असतं. एखाद्या पानाच्या पत्त्यात प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे शेतमाल बरोबर संत्रा, बाजार बरोबर नागपूर असं काही दिसलं तर तो गेट. 'पोस्ट' म्हणजे काहीतरी दाखल करणं, जसं की फॉर्म, पासवर्ड किंवा पैसे.

फरक असा की गेट दहादा पाठवला तरी तिकडे काही बदलायला नको. भाव दहादा विचारल्यानं भाव हलत नाही. पोस्ट दोनदा गेला तर दोनदा दाखल होऊ शकतो. विजेचं बिल भरताना मध्येच 'पान रिफ्रेश करू नका, मागे जाऊ नका' अशी पाटी येते ती याचसाठी. रिफ्रेश म्हणजे तोच अर्ज पुन्हा, आणि त्या क्षणी तो अर्ज पैशांचा असतो. म्हणून शिकताना महिनाभर तरी गेटच्या पलीकडे जाऊ नये असं माझं मत आहे. पोस्ट चुकला की तो आपल्या स्क्रीनवर चुकत नाही, दुसऱ्याच्या दप्तरात चुकतो.

टोकन

एचटीटीपी विसराळू आहे. खिडकीवरच्या बाबूला मागच्या मिनिटाला आलेला माणूस ओळखू येत नाही. म्हणून तो पहिल्या भेटीत टोकन देतो आणि पुढच्या प्रत्येक वेळी ते दाखवा म्हणतो. हे टोकन म्हणजे कुकी, 1994 मध्ये नेटस्केप ब्राउझरच्या निमित्तानं निघालेली युक्ती. रिक्वेस्ट्समध्ये 'सेशन' नावाची सोय आहे. ती वापरली की टोकन शिपायाच्या खिशात राहतं. ती वापरली नाही की शिपाई दर वेळी नवखा. लॉगिन होतं आणि पुढच्याच पानावर 'कृपया लॉगिन करा' येतं, ही नवशिक्याची रड बहुतेक वेळा इथलीच.

संत्र्याच्या जागी टोप्या घातलेली अक्षरं

ही अडचण आपल्या भाषेत काम करणाऱ्यांना हमखास येते आणि इंग्रजीतून शिकवणारे तिच्याबद्दल बोलत नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो.

मराठी पान आणलं, छापलं, आणि 'संत्रा'च्या जागी टोपी घातलेला इंग्रजी ए, उलटसुलट चिन्हं, मध्येच एखादा चौकोन. आपल्याला वाटतं पान बिघडलं. पान चांगलं असतं, वाचणारा चुकीच्या चष्म्यातून वाचत असतो.

कॉम्प्युटर अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. त्यातला एक आकडा म्हणजे एक बाइट. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, याचा तक्ता दोन्हीकडे एकच लागतो. आज जगभर वापरात असलेल्या यूटीएफ-8 या तक्त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात. 'संत्रा' या शब्दात स, अनुस्वार, त, हलन्त, र आणि काना अशी 6 चिन्हं, म्हणजे 18 बाइट. सर्व्हरनं हेडरमध्ये 'मी यूटीएफ-8 वापरलं' असं लिहिलं नाही, तर रिक्वेस्ट्स जुन्या नियमाला धरून पश्चिम युरोपातल्या भाषांचा तक्ता गृहीत धरते. त्यात एका बाइटला एक अक्षर. मग 18 बाइटांची 18 विचित्र चिन्हं होतात, आणि देवनागरीचा पहिला बाइट नेहमी एकच असल्यामुळे दर तिसऱ्या जागी तोच टोपीवाला ए येतो. ती तालात येणारी टोपी दिसली की समजावं, दुखणं हेच.

औषध एका ओळीचं. मजकूर वाचण्याआधी आर डॉट एन्कोडिंग इक्वल टू यूटीएफ-8. हे शोधायला मी एक रविवार घालवला.

तासाला चौदा हजार वेळा

"माझ्या एकट्याच्या प्रोग्रामनं कोणाचं काय बिघडते?" हा प्रश्न पुतण्यानं विचारला आणि तो रास्त आहे. हिशेब करू. माणूस पान वाचतो, मग दुसरं उघडतो, मिनिटाला फार तर चार-पाच. प्रोग्राम वाचत नाही. एका अर्जाला पाव सेकंद लागला तर मिनिटाला 240, तासाला 14,400. खिडकी एकच आहे आणि एकाच माणसाचा शिपाई तासाभरात चौदा हजारदा रांगेत शिरतो आहे. मागे उभ्या असलेल्या शेतकऱ्याला पान उघडेनासं होतं, आणि तो जिओला शिव्या घालतो.

यासाठीच 429 हा शेरा आहे, 'फार वेळा येता, जरा दमानं घ्या'. कधी त्यासोबत 'इतक्या सेकंदांनी या' अशी ओळही असते. ती पाळायची. पाळली नाही तर आपल्या कॉम्प्युटरचा इंटरनेटवरचा पत्ताच रोखला जातो, आणि ते योग्यच आहे. दोन अर्जांच्या मध्ये काही सेकंदांची झोप घालणं ही एका ओळीची गोष्ट आहे. नापास झालेला अर्ज पुन्हा पाठवायचा तर आधी 2 सेकंदांनी, मग 4, मग 8, असं अंतर वाढवत न्यायचं.

बऱ्याच साइटच्या दारावर एक पाटीही असते, रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल. बॉटनी कुठे यावं, कुठे येऊ नये ते तिच्यात लिहिलेलं असतं. 1994 मध्ये मार्टिन कोस्टर यांनी ही पद्धत सुचवली आणि 2022 मध्ये ती अधिकृत मानक झाली. पाटी म्हणजे कुलूप नव्हे, कोणी धरून बाहेर काढत नाही. रिक्वेस्ट्सही ती आपणहून वाचत नाही. वाचायची आपण.

आणखी एक. हेडरमध्ये 'मी कोण' ही ओळ असते, तिला यूजर-एजंट म्हणतात. आपण काही सांगितलं नाही तर शिपाई खरंच सांगतो, 'मी पायथॉन-रिक्वेस्ट्स'. काही साइट ते पाहून 403 देतात. मग इंटरनेटवरचा पहिलाच सल्ला येतो, तिथे क्रोमचं नाव लिहा. चालतं ते. मी मात्र तिथे माझा ईमेल लिहितो. त्रास झाला तर पलीकडच्या माणसाला कळवता तरी यावं.

पान रिकामं आलं तर

हल्ली पुष्कळ साइट आधी नुसता सांगाडा पाठवतात आणि आतली माहिती ब्राउझर मागाहून दुसऱ्या अर्जानं आणतो. आपला शिपाई सांगाडा घेऊन परत येतो. शेरा 200, भाव कुठेच नाही. अशा वेळी ब्राउझरमध्ये एफ-12 दाबून 'नेटवर्क' ही खिडकी उघडावी आणि पान पुन्हा चालवावं. ब्राउझर पाठवतो ते सगळे अर्ज एकाखाली एक दिसतात. माहितीचा खरा अर्ज त्यातच असतो. वेब शिकायला यापेक्षा चांगली शाळा मी पाहिली नाही.

आणि मुळात दप्तरच आपल्यासाठी वेगळी खिडकी ठेवत असेल तर पान खरवडायचं कशाला? प्रोग्रामसाठी ठेवलेल्या अशा खिडकीला एपीआय म्हणतात. केंद्र सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या 2012 पासूनच्या संकेतस्थळावर देशभरच्या बाजार समित्यांचे रोजचे भाव असे मिळतात. नोंदणी करून किल्ली घ्यायची, ती अर्जात जोडायची, की सुटसुटीत तक्ता हातात. पहिलं दार हेच ठोठवावं. मी नेमकं उलटं केलं, त्याचं फळ पुढे आहे.

हे हॅकिंग नाही का? आणि मग तत्काल?

जे पान कोणीही उघडू शकतो ते प्रोग्रामनं उघडणं म्हणजे कुलूप तोडणं नव्हे. पण 'दिसतं म्हणून घेतलं' हे प्रत्येक ठिकाणी चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधलं कलम 43 परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं, त्यातली माहिती उतरवून घेणं, इतरांची वाट अडवणं या सगळ्यावर बोट ठेवतं. तेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साइटच्या अटी, लॉगिनच्या आतली पानं, लोकांची नावं आणि फोन नंबर, हे दिसलं की हात आखडता घ्यावा. संत्र्याचा भाव वेगळा आणि संत्रा विकणाऱ्याचा नंबर वेगळा.

तत्कालचे बॉट याच कुळातले, पण वागणूक निराळी. एसीचं बुकिंग 10 ला उघडतं, स्लीपरचं 11 ला. माणूस नाव, वय, बर्थ भरतो तोवर बॉटनं आधीच भरून ठेवलेला पोस्ट पाठवलेला असतो, तोही एकाच वेळी अनेक खात्यांवरून. 11 वाजून 1 मिनिटानं 'वेटिंग' दिसतं ते असं. म्हणून रेल्वेनं नुसते अर्ज ओळखण्यावर न थांबता अर्जदारालाच बांधलं. आधार, मग त्यावर ओटीपी, आणि पहिली 30 मिनिटं एजंटांना तत्काल बंद. प्रोग्राम क्षणात हजार फॉर्म भरेल, पण हजार आधार आणि हजार फोन कुठून आणेल? वरून, परवानगी नसताना तिकिटांचा धंदा करणं रेल्वे कायद्याच्या कलम 143 खाली गुन्हा आहे. पुतण्यानं अर्थातच विचारलं होतं, "आजीच्या पुण्याच्या तिकिटापुरता बनवू का?" नाही. आजी नागपूरच्या अजनी स्टेशनवरून वंदे भारतनं जाईल.

शेरा मंजूर, भाव चुकीचा

आता माझी फजिती. मामांचा बॉट ज्या साइटवरून भाव उचलायचा, तिथे तक्त्यात सात रकाने होते. शेतमाल, जात, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर, आणि शेवटी सर्वसाधारण दर. शेतकऱ्याच्या कामाचा आकडा हा शेवटचा, बहुतेक माल ज्या भावानं गेला तो. मी प्रोग्रामला सांगितलं, सातवा रकाना घे, दहानं गुण (तक्ता क्विंटलचा, संत्र्याचा हिशेब बोलतात टनावर), आणि पाठव.

आंबिया बहाराच्या ऐन तोडणीत साइटवाल्यांनी सुरुवातीला तारखेचा एक रकाना वाढवला. सगळं एक घर सरकलं. आता सातवा रकाना झाला कमाल दर. शेरा रोज 200. मेसेज रोज आठ वाजता वेळेवर. प्रोग्रामच्या दृष्टीनं कुठे काहीही बिघडलं नव्हतं. मामा चार दिवस खुशीत होते, पाचव्या दिवशी गाडी भरून कळमन्याला गेले.

रात्री फोन आला. "तुह्या कॉम्प्युटरनं सांगतलेला भाव त्या अडत्याले ऐकूच नाही आला वाट्टे."

आता प्रोग्राम रकान्याचा क्रमांक पाहत नाही, 'सर्वसाधारण दर' हे शीर्षक शोधतो. ते सापडलं नाही, किंवा आकडा कालच्या दीडपट निघाला, तर तो भाव पाठवतच नाही. टाइमआउटही त्याच रात्री टाकला. रिक्वेस्ट्सला किती वेळ वाट पाहायची ते सांगितलं नाही तर ती उत्तराची वाट पाहतच राहते. एकदा संध्याकाळी आठला गेलेला माझा शिपाई सकाळी सातला तसाच खिडकीशी उभा सापडला होता.

एआय लिहून देतं की

देतं. पुतण्यानं हाच प्रोग्राम एआयकडून मिनिटभरात लिहून घेतला आणि मला दाखवला. चालत होता. त्यात टाइमआउट नव्हता, मधली झोप नव्हती, आणि 'व्हेरिफाय इक्वल टू फॉल्स' अशी एक ओळ होती. साइटच्या प्रमाणपत्रावरून, म्हणजे ती साइट खरी तीच आहे याच्या दाखल्यावरून, त्रुटी आली, ती त्यानं एआयला चिकटवली, आणि एआयनं प्रमाणपत्र तपासणंच बंद करून टाकलं. म्हणजे पाकिटावर शिक्का कोणाचा आहे ते न बघता पाकीट घ्यायचं. भावापुरतं ठीक आहे, पण हीच ओळ उद्या पासवर्डच्या प्रोग्राममध्ये नकलून जाते. मी त्याला ती ओळ काय करते ते विचारलं. "माहीत नाही, पण काढली की चालत नाही." बसलो मग दोघं, एफ-12 दाबून.

मामांना मात्र यातलं काही सांगत नाही. मधूनमधून त्यांच्या फोनवर 'आज भाव मिळाला नाही' असा मेसेज जातो. तो आला की मामा चष्मा लावतात आणि अडत्याला फोन करतात.